अण्णांची पद्धत

अण्णा अभ्यासाला बसायचे तेव्हा स्वतःला खोलीत कोंडून घ्यायचे. आतून कडी लावून नव्हे. आतली कडी काय, माणूस केव्हाही काढतो. त्यांना बाहेरून कुलूप लागे. संध्याकाळचा चहा झाला की ते खोलीत जात, कॉटवर मांडी घालत आणि मला हाक मारत, "राजूरकर, लाव." मी कुलूप लावायचो, ओढून बघायचो आणि किल्ली खिशात टाकायचो. आतून शेवटची सूचना यायची, "जेवणाची घंटा झाल्याबिगर उघडायचं न्हाई. मेलो म्हणून वरडलो तरी न्हाई."

आता या व्यवस्थेत एकच खोट होती. त्या खोलीला व्हरांड्याच्या बाजूनं मोठी गजाची खिडकी होती आणि नळावर जाणारा प्रत्येक पोरगा तिच्यावरून जायचा. एरवी अण्णा हवे असले तर सगळ्या वसतिगृहात शोधावे लागत. कुलूप लागलं की ते नक्की सापडत. त्यामुळे किल्ली खिशात टाकून मी वळतो न वळतो तोच खिडकीशी माणसं जमायला लागत. कुणाला अर्ज लिहून हवा असे, कुणाला भूगोलाचा धडा समजत नसे, कुणाची बादली दुसऱ्यानं पळवलेली असे. अण्णा आतून गज धरून न्याय देत. कुणी बाहेरून चहाचा कप आत सरकवत असे. जेवणाची घंटा झाली की मी कुलूप काढायचो आणि अण्णा बाहेर येऊन आळस देत म्हणायचे, "आज बरा झाला अभ्यास."

एकदा वसतिगृहातल्या पाथर्डीच्या सुभाषचे वडील त्याला भेटायला आले होते. त्यांनी हा सगळा प्रकार लांबून पाहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्या मानसाला का कोंडलंय?"

"अभ्यासासाठी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरा हुईल का रं?"

अण्णांचं नाव भागवत. गाव घोडेगावच्या पलीकडं, डांबरी रस्त्यापासून आत. नगरच्या आमच्या कॉलेजात ते बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि कधीपासून होते हे कुणालाच नीट सांगता येत नसे. आम्हा पोरांच्या पँटींचे पाय दिवसेंदिवस रुंद होत चालले होते. अण्णा मात्र पायजमा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि खांद्यावर टॉवेल या वेशात वर्गात बसत. नवा प्राध्यापक पहिल्या दिवशी त्यांना पालक समजायचा आणि बसायला खुर्ची द्यायचा.

त्यांचा आवडता शब्द म्हणजे ध्येय. "ध्येय पायजे गड्या. ध्येय न्हाई तो बैल." आणि ध्येय गाठायला लागते पद्धत. दर सोमवारी अण्णांची नवी पद्धत सुरू व्हायची आणि साधारण बुधवारी मोडायची. त्याचं त्यांना दुःख नसे. "मानूस चुकत न्हाई, पद्धत चुकती," एवढं बोलून ते पुढच्या सोमवारच्या तयारीला लागत.

एक पद्धत वेळापत्रकाची होती. लाल-निळ्या पेन्सिलीनं आखलेलं ते वेळापत्रक म्हणजे कलाकुसरच. त्यात तोंड धुण्याला घर होतं, चहाला घर होतं, 'वाचलेल्याचा विचार करणे' याला घर होतं आणि 'इतर विचार' यालाही वेगळं घर होतं. ते आखायला त्यांना अख्खा रविवार लागला. सोमवारी सकाळी ते पुरं झाल्याच्या समाधानात अण्णा झोपले ते दुपारच्या जेवणाला उठले.

दुसरी पद्धत मौनाची. बोलण्यात शक्ती जाते असं त्यांनी कुठं तरी वाचलं होतं. त्यांनी बाजारातून मुलांची पाटी आणली, गळ्यात अडकवली आणि बोलणं बंद केलं. पण बोलायचं तर असेच. मग ते पाटीवर लिहीत, पुसत, परत लिहीत, आणि समोरच्याला ते वाचून होईपर्यंत त्याचा हात धरून उभे राहत. सगळ्यात पंचाईत झाली ती मेसमध्ये. आमचे आचारी गणपतमामा यांना अक्षरओळख नव्हती. अण्णांनी पाटीवर लिहिलं, 'आमटी तिखट आहे.' मामांनी पाटीकडे पाहून नमस्कार केला. शेवटी अण्णांनी पाटीवर एक मिरची काढली आणि तिच्यावर फुली मारली. मामांनी नीट बघितलं आणि दुसऱ्या दिवशी आमटीत मिरचीच घातली नाही. सगळ्या वसतिगृहानं बोंब मारली. अण्णांना मौन सोडून खुलासा करावा लागला आणि एकदा सुटलेलं मौन परत काही बांधता आलं नाही.

चालता चालता वाचण्याची पद्धतही झाली. इतिहासाचं पुस्तक उघडं धरून ते औरंगाबादच्या रस्त्यानं निघाले आणि दिवस मावळायला एका कांद्याच्या बैलगाडीत बसून परत आले. इतिहासाची चारदोन पानंच झाली होती. पण गाडीवाल्याच्या घरची सगळी माहिती त्यांना होती. थोरली कुठं दिली, धाकटीचं कुठं जमत नाही, सगळं. "लई चांगला मानूस," ते आम्हाला सांगत होते. "येकटाच निघाला हुता इतक्या लांब. म्हनलं चला, सोबत."

मी राजूरचा. तिकडं डोंगर, झाडी, पाणी, धुकं. नगरला आलो तेव्हा सगळीकडे नुसतं सपाट आणि कोरडं. वडिलांनी मला ट्रंक आणि वळकटीसकट वसतिगृहात सोडलं आणि ते एसटी स्टँडकडे गेले. मी पायऱ्यांवर बसून राहिलो. आत जावंसं वाटेना. एक मिशीवाला थोराड माणूस आला, मला वाटलं रेक्टर असतील, म्हणून उठून उभा राहिलो. त्यानं माझ्या हातात एक कुलूप आणि किल्ली दिली.

"कुठला?"

"राजूरचा."

"तुला येक काम हाय, राजूरकर. मला कोंडायचं आनि घंटा झाली की सोडायचं. माझा दुसऱ्या कुनावर इस्वास न्हाई."

मी काम पत्करलं. आता रडायला वेळच नव्हता. मी जर ट्रंक उचलून स्टँडवर गेलो असतो तर एक माणूस आत उपाशी राहिला असता. पहिले काही आठवडे मी त्या किल्लीच्या आधारानं काढले असं म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या वर्षी पाथर्डीचा सुभाष आला. तो जेवेना, कुणाशी बोलेना. अण्णांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि त्याला दिली. मला राग आला. मी वरच्या वर्गातल्या एकाजवळ तक्रार केली तर तो हसला. "अरे, मी आलो तेव्हा किल्ली माझ्याकडे होती," तो म्हणाला. "जो नवा जास्त रडतो त्याला मिळते ती."

अण्णा स्वतः दर साली नापास व्हायचे, पण त्यांनी शिकवलेली पोरं पास व्हायची. अर्थशास्त्र तर ते असं सांगत की विसरणं शक्य नसे. एकदा मेसमध्ये जेवता जेवता त्यांनी घटत्या उपयोगितेचा नियम सांगितला. "पयली भाकरी लागती ग्वाड. दुसरी बरी. तिसरी बळंच. चवथी वाढनाऱ्याचा राग येतो. समाधान असं घटत जातं." दुष्काळाचं साल होतं, भाकरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची होती. अण्णांनी ताटातला तुकडा उचलून बघितला आणि म्हणाले, "हिचं येगळं हाय. हिच्यात पयल्यापास्नंच घट हाय."

पुढं परीक्षेत तोच प्रश्न आला. आम्ही सगळ्यांनी लिहिला. अण्णा त्याच विषयात गेले. विचारलं तर म्हणाले, "पद्धत चुकली."

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं व्हायचं. अण्णा प्रत्येकाला पोचवायला स्टँडवर यायचे. वळकटी टपावर चढवायचे, खिडकीची जागा धरून द्यायचे, आणि गाडी वळेपर्यंत उभे राहायचे. स्वतः घरी जात नसत. "ध्येय हाय. सुट्टीत अभ्यास उरकायचा हाय," असं म्हणायचे. आम्ही परत आलो की त्यांना आधी फराळ लागे. चकली मोडत मोडत विचारायचे, "आई काय म्हनली? वाळलास म्हनली का?" आम्हाला वाटे अण्णा फराळाला सोकावलेत. आम्ही आयांना सांगून त्यांच्यासाठी वेगळा डबा आणायला लागलो.

मी शेवटच्या वर्षाला पोचलो तेव्हा अण्णा तिथंच होते, माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. त्याच साली नवे रेक्टर आले. सभ्य माणूस, आवाज चढवून बोलायचा नाही. त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं. मी अर्जावर सही घ्यायला गेलो होतो, दाराशीच उभा होतो.

"भागवत, जागा थोड्या आहेत," रेक्टर म्हणाले. "दुष्काळामुळं खेड्यातली पोरं वाढलीत. यंदा नापास झालात तर पुढच्या वर्षी खोली देता येणार नाही."

"व्हय साहेब," अण्णा म्हणाले.

"मनावर घ्या. तुम्हाला अवघड नाही."

"व्हय साहेब."

बातमी आम्ही सगळीकडे पसरवली. अण्णांना पास करायचंच असं ठरलं. सुभाषनं आणि मी मिळून त्यांच्यासाठी पद्धत ठरवली, पहिल्यांदाच त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणी. सकाळी अर्थशास्त्र, दुपारी इतिहास, खिडकीवर आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं, नळावर जाणाऱ्यांनी गप्प जायचं. मला वाटलं होतं अण्णा बुधवारपर्यंत हे मोडतील. त्यांनी मोडलं नाही. सांगू तेव्हा बसत, सांगू तेव्हा उठत. वर्तमानपत्रामागून नुसता पानं उलटल्याचा आवाज यायचा. खिडकीशी पोरं घुटमळत आणि पुढं जात. वसतिगृहात इतकं शांत झालं की गणपतमामांनी कोण आजारी आहे म्हणून चौकशी केली.

एका दुपारी आम्ही दोघं आवारातल्या लिंबाखाली बसलो होतो. मी पुस्तकातून प्रश्न विचारत होतो. अण्णा टॉवेलनं वारा घेत उत्तरं देत होते, सगळी, अगदी तळटिपांसकट. मी पुस्तक मिटलं.

"अण्णा, हे सगळं तुम्हाला येतं."

"येतं की."

"मग दर वर्षी नापास कसे होता?"

समोर पोरं चेंडू खेळत होती, तो आमच्याकडे आला. अण्णांनी उठून तो परत फेकला आणि खाली बसले.

"येक पेपर आर्धा सोडायचा," ते म्हणाले. "लई सोपं हाय. पेनाला टोपन लावायचं आन् बसायचं."

"पण कशासाठी?"

"पास झालेल्या मानसाला हितं ठेवत न्हाईत, राजूरकर."

मी मिटलेलं पुस्तक परत उघडलं. त्यांनी ते बघितलं आणि हसून म्हणाले, "आता नापासालाबी ठेवत न्हाईत. मग म्हनलं पास व्हावं. रेक्टरला बरं वाटंल. तुमी पोरांनी कागद चिकटवलाय खिडकीला."

अर्थशास्त्राच्या पेपराला ते माझ्या पुढं बसले होते. अर्धा वेळ गेल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी लिहायचा थांबलो. ते बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, उन्हात उभ्या सायकली होत्या. मग त्यांनी टोपण काढलं, पुरवणी मागितली आणि शेवटची घंटा होईपर्यंत मान वर केली नाही.

अण्णा दुसऱ्या वर्गात पास झाले. पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन आवारात फिरवलं. रेक्टरांनी स्वतः पेढा भरवला. अण्णा सगळ्यांकडे बघून हसत होते, आणि खांद्यावरून खाली उतरल्यावर त्यांनी आधी आपला टॉवेल कुठं पडला ते शोधलं.

निघताना ते मला म्हणाले, "सामान लई हाय. गावापत्तुर चलतो का?"

सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. ट्रंक मीच उचलली, हलकी होती. पण मी गेलो.

फाट्यावर उतरून आम्ही चालत गावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पाऊस अजून आला नव्हता, रानं नांगरून उघडी पडली होती. घर दोन खणांचं, वर पत्रा. शेजारी चुलतभाऊ राहायचा. अण्णांचं रान तोच वाट्यानं करायचा. त्याची बायको पदर सावरत बाहेर आली.

"भाऊजी, किती दिवस हाय?"

"आता हितंच," अण्णा म्हणाले.

तिनं मागून आलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. मग संकोचून म्हणाली, "घरात कडबा भरलाय. छावनीतून जनावरं घरी आनली, कडबा ठिवायला जागा न्हवती. आमाला काय ठावं तुमी येनार."

"असू दे की," अण्णा म्हणाले. "जनावरं जगली पायजेत."

दारातून आत बघितलं तर आढ्यापर्यंत पेंढ्या. चुलीच्या जागेवरही पेंढ्या. आम्ही ओट्यावर वळकटी पसरली. वहिनींनी तिथंच जेवायला आणलं. आमटी वाढली आणि पाहुण्याला लाजून आपल्या घरात गेल्या. जेवता जेवता मी विचारलं, "अण्णा, तुमची आई?"

"म्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हुतो, तवा गेली. बाप तर लहानपनीच. तार आली, म्या आलो, सगळं उरकलं. मग हितं बसून बघितलं चार दिस. कुनी हाक मारंना." त्यांनी भाकरी मोडली. "परत गेलो तर वसतिगृहात ह्योऽ कालवा. कुनाला ठाऊकच न्हवतं म्या कुठं गेल्तो. त्या दिशी मेसमध्ये शिरा हुता. येक पोरगं म्हनलं, अण्णा, तुमच्या वाटचा ठिवलाय."

ते जेवत राहिले. शेजारच्या अंगणात कुणी तरी शेरडाला ओरडत होतं.

सकाळी मला नगरची गाडी धरायची होती. अण्णा फाट्यापर्यंत आले. गाडी आली तेव्हा मी चढलो, मागोमाग अण्णाही चढले.

"फुडच्या थांब्यापत्तुर येतो," ते म्हणाले. "चालत येईन माघारी, पाय मोकळं हुतील."

पुढचा थांबा आला. अण्णा राजूरच्या पावसाविषयी विचारत होते, भात केव्हा लावतात, पोरं शाळेला डोंगर उतरून येतात का. उतरले नाहीत. कंडक्टर आला, त्यांनी आणखी एका थांब्याचं तिकीट काढलं. तो थांबाही आला आणि गेला. तिसऱ्या वेळी कंडक्टर समोर येऊन उभा राहिला.

"पाव्हणं, जायचं कुठं हाय ते येकदा ठरवा."

"घोडेगाव," अण्णा म्हणाले.

"मग पयलंच सांगायचं ना."

घोडेगावला बाजाराचा दिवस होता. गाडी माणसांत आणि जनावरांत अडकत अडकत थांबली. दुष्काळात जगवलेले बैल पेरणीच्या आधी लोकांनी विकायला काढले होते. बरगड्या मोजाव्यात असे. घेणारे थोडे, विकणारे फार. अण्णा उतरले आणि माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. मी म्हणालो, "अण्णा, राजूरला या. आमच्याकडं राहायला या."

"येतो की," ते म्हणाले. "तुझ्या आईला सांग, फराळ लई चांगला असायचा."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अण्णांनी गाडीला हातानं थोपटलं, जनावराला थोपटतात तसं, आणि मागं सरले. गर्दीमुळं गाडी हळू निघाली, म्हणून मला मागच्या काचेतून बराच वेळ दिसत होतं. ते थोडे उभे राहिले. मग बाजारात शिरले. एका कडेला एक म्हातारा एकाच बैलाचं दावं धरून गोणपाटावर बसला होता. त्याच्याकडं कुणी फिरकत नव्हतं. अण्णा त्याच्याजवळ गेले. बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, त्याचं तोंड उघडून दात बघितले, आणि म्हाताऱ्याला काहीतरी विचारलं. म्हातारा हात हलवून सांगायला लागला. अण्णांना बैल घ्यायचा नव्हता. बांधायचा म्हटलं तर घर कडब्यानं भरलेलं होतं. तरी ते मन लावून ऐकत होते. म्हातारा जरा सरकला, गोणपाटावर त्यानं जागा केली, आणि अण्णा मांडी घालून त्याच्या शेजारी बसले.